दिवाडी : एका फिर्गजेचा इतिहास आणि पैलतीर

एम. ए.च्या वर्गात फादर स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ शिकवताना आम्हां सर्वांनाच एका प्रश्नाला हमखास तोंड द्यावे लागते. ओवीची लय, मराठीविषयीचे त्याचे प्रेम, ख्रिस्तकथेसाठी केलेली पुराण या प्रकाराची निवड असे सारे सांगून झाले, की मागच्या बाकावरून कोणीतरी विचारते, “पण देवळे पाडली ती यांच्याच लोकांनी ना?” प्रश्न रास्त आहे आणि त्याचे प्रामाणिक उत्तर ‘होय’ असेच आहे. आमची अडचण त्यानंतर सुरू होते. या ‘होय’पाशी वर्ग थांबतो. काही विद्यार्थी ग्रंथ मनातून मिटून ठेवतात. काही जण इतिहास बाजूला सारून केवळ भाषेचे कौतुक करत राहतात. दोन्ही वाचने अपुरी आहेत हे आम्हांला जाणवत असते. पण तिसरे वाचन कोणते, हे वर्गाच्या चार भिंतींत सांगता येत नाही.

म्हणून गेली काही वर्षे आम्ही हा प्रश्न एका ग्रंथाऐवजी एका स्थळाला विचारून पाहतो आहोत. ते स्थळ म्हणजे मांडवीच्या पात्रातील दिवाडी हे बेट. स्टीफन्सचा या बेटाशी थेट संबंध नाही. १५७९ साली गोव्यात आल्यावर त्याचे बहुतेक आयुष्य साष्टीत गेले आणि त्याचे पुराण १६१६ मध्ये रायतूरला छापले गेले. तथापि ज्या उलथापालथीतून ते पुराण संभवले, ती जितकी जवळून दिवाडीत दिसते तितकी क्वचितच अन्यत्र दिसत असेल. बेट लहान आहे, एका दिवसात पायी फिरून होते, आणि त्यावरील प्रत्येक महत्त्वाच्या वास्तूची दुसरी बाजू नदीच्या पलीकडे कोठेतरी उभी आहे.

जुन्या गोव्यात व्हाइसरॉयच्या कमानीखालून जाणारा रस्ता धक्क्यावर संपतो. तेथून फेरीबोटीने पाच-सात मिनिटांत दिवाडी गाठता येते. दुसरी फेरी रायबंदरहून येते आणि तिसरी बेटाच्या उत्तर टोकाहून डिचोली तालुक्यातील नार्वे येथे जाते. कोकण रेल्वेचा मार्ग या बेटावरून जातो. पण गाडी येथे थांबत नाही. त्यामुळे आजही दिवाडीला यायचे म्हणजे पाणी ओलांडायचे. ही साधी भौगोलिक गोष्ट लक्षात ठेवली, तर पुढचा सारा इतिहास उलगडायला मदत होते.

बेटाच्या मध्यभागी टेकडी आणि टेकडीवर पिएदादची इगर्ज, म्हणजे करुणामाता मरियेचे चर्च. गोव्याच्या बोलीत धर्मग्रामाला ‘फिर्गज’ म्हणतात. पोर्तुगीज शब्द कोकणी जिभेवर घोळून घोळून झालेला हा शब्द आम्हांला फार अर्थपूर्ण वाटतो. फिर्गज म्हणजे केवळ चर्च नव्हे. चर्च, त्याच्या भोवतीचे वाडे, वाड्यावाड्यांवरचे क्रूस आणि कपेले, दफनभूमी, बाप्तिस्मा-विवाह-मृत्यू यांच्या नोंदवह्या आणि वर्षाची फेस्तां, असे सारे मिळून फिर्गज होते. पिएदादची फिर्गज पाहायची तर टेकडीपासून आरंभ करावा. पण कालक्रमाने पाहायचे तर आधी टेकडीखाली उतरावे लागते.

खाली आहेत त्या खाजन जमिनी. मांडवीचे पाणी भरती-ओहोटीबरोबर खारे-गोडे होत असते. ते पाणी मातीच्या बांधांनी अडवून, बांधात ‘मानस’ म्हणजे लाकडी झडपांचे दार बसवून, ओहोटीला आतले पाणी बाहेर सोडायचे आणि भरतीला बाहेरचे आत येऊ द्यायचे नाही, अशी ही व्यवस्था. तिच्या आधारे भात पिकते आणि मानशीच्या तोंडाशी मासळी मिळते. हे काम एकट्यादुकट्याचे नव्हे. बांध एके ठिकाणी फुटला तर साऱ्या गावाचे शेत खारावते. म्हणून जमीन गावाच्या सामाईक मालकीची आणि तिचा कारभार गांवकारांच्या सभेकडे, अशी गांवकरीची पद्धत येथे रूढ झाली. पोर्तुगीजांनी ती मोडली नाही. १५२६ साली अफोंसो मेशिया याने तिसवाडी आणि भोवतालच्या बेटांवरील गांवकरीचे रीतिरिवाज एका सनदेत लेखी नोंदवून घेतले आणि पुढे या संस्थेला ‘कोमुनिदाद’ हे नाव पडले. देव बदलले, राजे बदलले. बांधाची निगा मात्र दरवर्षी करावीच लागली. येथे एक गोष्ट विद्यार्थ्यांच्या नजरेस आणून द्यावी लागते : गांवकारांची नावे कागदोपत्री राहिली, पण चिखलात उभे राहून बांध घालणाऱ्यांची राहिली नाहीत. या लेखात पुढे जी नावे येतील, त्यांचाही विचार या त्रुटीसह करावयास हवा.

खाजनांतून उत्तरेकडे चालत गेले की बेटावरील जुने नार्वे लागते. येथेच गोव्याच्या कदंब राजांचे कुलदैवत सप्तकोटेश्वर होते. कदंबांच्या शिलालेखांत व नाण्यांवर या देवाच्या वरप्रसादाचा उल्लेख त्यांच्या बिरुदासारखा येतो. राजाने आपले नाणे देवाच्या नावाने चालवावे, इतके या स्थानाचे महत्त्व होते. चौदाव्या शतकात बहमनी स्वाऱ्यांत हे देऊळ उद्ध्वस्त झाले. विजयनगरचा मंत्री माधव याने गोवा जिंकल्यावर त्याची पुन्हा उभारणी केली. दुसरा आघात पोर्तुगीज काळात, १५४० च्या सुमारास, तिसवाडीतील देवळे पाडण्याच्या मोहिमेत झाला. देवळांच्या जमिनींचे उत्पन्न नव्या धर्माच्या कार्याकडे वळवण्यात आले. आज त्या जागी ‘पोरणे तीर्थ’ म्हणून ओळखले जाणारे जुन्या तळीचे अवशेष दिसतात. मोडलेल्या देवळातील लिंग एका विहिरीवर पाणी शेंदण्याच्या कामी लावले होते, असे परंपरा सांगते. तेथून ते कोणी रात्री उचलून नदीपार नेले. पलीकडचा डिचोली महाल तेव्हा आदिलशाहीत होता. पोर्तुगीजांचा हुकूम पाण्याच्या अलीकडेच संपत होता. देव ज्या गावी गेला, त्या गावालाही नार्वे हेच नाव आहे.

पैलतीरावरच्या या नार्व्यात १६६८ साली शिवाजी महाराजांनी देवळाच्या उभारणीची आज्ञा दिली. शके १५९० च्या कार्तिकातील हा प्रारंभ तेथील शिलालेखात नोंदलेला आहे. मराठी वाचकाला सप्तकोटेश्वर ठाऊक असतो तो बहुधा या एका नोंदीमुळे. गोवा शासनाने जीर्णोद्धार केल्यावर २०२३ च्या फेब्रुवारीत हे मंदिर पुन्हा खुले झाले. आम्ही विद्यार्थ्यांना सुचवतो की देऊळ पाहताना छप्पर, घुमट आणि दीपस्तंभ नीट पाहावेत. कदंबकाळातील पाषाणी देवळाचे हे रूप नव्हे. कौलारू उतार, बसका घुमट, समोर उंच दीपस्तंभ अशी ही पुढील काळात घडत गेलेली गोमंतकीय शैली आहे. तिच्यात इस्लामी आणि युरोपीय बांधणीचे संस्कार सहज मिसळले आहेत. ज्यांच्यापासून देव वाचवला, त्यांच्या वास्तूंचेही काही घटक देवळाने घेतले.

दिवाडीहून नदीपार गेलेला हा एकच देव नव्हे. बेटावरील नावेली गावचा महागणपती स्थलांतरे करीत अखेर खांडोळ्याला स्थिरावला. आजही भक्त त्याला मूळचा दिवाडीचा म्हणूनच ओळखतात.

आता परत टेकडीवर यावे. सोळाव्या शतकात दिवाडीत ख्रिस्ती मिशनरींचे कार्य सुरू झाले आणि १५६० च्या सुमारास येथे मोठ्या प्रमाणावर सामुदायिक धर्मांतरे झाली. टेकडीवर पूर्वी देवस्थान होते, अशी बेटावरची परंपरा आहे. पहिल्या चर्चनंतर सध्याची इगर्ज अठराव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात उभी राहिली. तिच्या शेजारच्या दफनभूमीत एक लहानसे कपेल आहे. त्यातील काही कोरीव काम कदंबकाळातील देवळाचे असल्याचे मानले जाते. पलीकडे देवळाने चर्चकडून काही घेतले आणि येथे फिर्गजेने देवळातले काही दगड आपल्या मृतांच्या उशाशी ठेवले. देवळाच्या विध्वंसाची भरपाई याने होते, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. ‘पाडले’ आणि ‘बांधले’ या दोन क्रियापदांत दिवाडीचा इतिहास मावत नाही, एवढेच आम्ही सुचवू इच्छितो. त्याला तिसरे क्रियापद लागते, ते म्हणजे ‘ओलांडले’.

हे क्रियापद देवांपुरते मर्यादित नाही. टेकडीवरच्या इगर्जेची रचना आंतोनियो जुवांव द फ्रियास या गोमंतकीय पाद्रीची असल्याचे सांगितले जाते. म्हणजे ज्या वास्तूला आपण सवयीने ‘पोर्तुगीज चर्च’ म्हणतो, तिची कल्पना करणारा माणूस येथलाच, बाटलेल्या ब्राह्मण घराण्यातला. हा फ्रियास लेखकही होता. १७०२ साली लिस्बनमध्ये छापलेल्या ‘आउरेओला दुश इंदियुश’ या पोर्तुगीज ग्रंथात त्याने ख्रिस्ती ब्राह्मणांच्या श्रेष्ठत्वाची बाजू मांडली. त्याला लेओनार्दो पाइश या दुसऱ्या गोमंतकीय पाद्रीने १७१३ साली तितक्याच हिरीरीने, चारड्यांचे म्हणजे ख्रिस्ती क्षत्रियांचे पारडे जड करणारे उत्तर दिले. देव सुटला, नाव बदलले, भाषाही बदलली. जात मात्र नव्या धर्मात आणि नव्या भाषेत निर्वेध वावरत राहिली. ‘धर्मांतराने सगळे पुसले’ असे जे सरसकट विधान केले जाते, त्याला एवढा एक वाद पुरेसे उत्तर आहे.

दुसरे नाव अधिक महत्त्वाचे. मातेउस द कास्त्रो यांचा जन्म १५९४ च्या सुमारास याच बेटावरील नावेली गावी ख्रिस्ती ब्राह्मण कुटुंबात झाला. त्यांना पाद्री व्हायचे होते; गोव्याच्या आर्चबिशपने एतद्देशीयांना दीक्षा देण्याचे नाकारले. कास्त्रो खुष्कीच्या मार्गाने रोमला पोहोचले, तेथे शिकले आणि १६३० मध्ये त्यांना दीक्षा मिळाली. गोव्यात परतल्यावर येथील धर्मसत्तेने त्यांची कागदपत्रे मानली नाहीत. ते पुन्हा रोमला गेले. १६३७ साली त्यांना बिशपपद देण्यात आले आणि आदिलशाही मुलखाचे धर्माधिकारी म्हणून त्यांची नियुक्ती झाली. लॅटिन परंपरेतील ते पहिले भारतीय बिशप मानले जातात. परंतु पोर्तुगीज गोव्यात त्यांना जागा नव्हती. त्यांनी आपले ठाणे मांडले ते डिचोलीला.

या ठिकाणी आम्ही वर्गाला नकाशा पुन्हा पाहायला सांगतो. सप्तकोटेश्वर दिवाडीहून नदी ओलांडून आदिलशाही डिचोली महालात गेला, कारण पोर्तुगीज सत्तेखाली हिंदू देवाला थारा नव्हता. सुमारे शंभर वर्षांनी दिवाडीचाच एक ख्रिस्ती बिशप त्याच नदीपलीकडच्या त्याच महालात गेला, कारण पोर्तुगीज सत्तेखाली देशी बिशपलाही थारा नव्हता. एकाला धर्मामुळे जावे लागले, दुसऱ्याला वर्णामुळे. दोघांनाही आसरा मिळाला तो विजापूरच्या मुसलमान सुलतानाच्या राज्यात. १६५३ साली कास्त्रो यांनी ‘ब्राह्मणांचा आरसा’ अशा अर्थाच्या शीर्षकाचे एक पोर्तुगीज पत्रक लिहून आपल्या जातबांधवांना पोर्तुगीजांविरुद्ध उभे राहण्याचे आवाहन केले. पुढच्याच वर्षी आदिलशाही फौज गोव्यावर चालून आली, तेव्हा त्यामागे कास्त्रो यांचा हात असल्याचा आरोप पोर्तुगीजांनी केला. उत्तरायुष्यात ते रोमला गेले आणि तेथेच त्यांचे निधन झाले. शिवाजी महाराजांनी पैलतीरी देवळाचा प्रारंभ केला, तेव्हा हा दिवाडीचा बिशप हयात होता. शालेय इतिहासाच्या कोणत्या रकान्यात त्यांना बसवायचे, हे आम्हांला अजून कोणी सांगितलेले नाही. कदाचित म्हणूनच ते मराठी वाचकाला अपरिचित राहिले असावेत.

तिसरे नाव साहित्याच्या अभ्यासकांनी विशेष लक्षात ठेवावे असे आहे. जाकोम गोन्साल्विस यांचा जन्म ८ जून १६७६ रोजी पिएदादच्या याच फिर्गजेत झाला. ते आठ वर्षांचे असताना, जून १६८४ मध्ये, व्हाइसरॉयने स्थानिक भाषेच्या वापराविरुद्धचा कुप्रसिद्ध आदेश काढला आणि रयतेने तीन वर्षांत पोर्तुगीज शिकावी असे फर्मावले. अशा वातावरणात वाढलेला हा मुलगा पुढे पाद्री झाला आणि गोमंतकीयांनीच चालवलेल्या ऑरेटरी संघात दाखल होऊन १७०५ साली सिलोनला गेला. तेथे डच सत्तेने कॅथलिक पाद्रींना बंदी घातली होती. जोसेफ वाझ यांच्या नेतृत्वाखाली हे गोमंतकीय पाद्री वेश पालटून, कँडीच्या बौद्ध राजाच्या आश्रयाने काम करीत होते. गोन्साल्विसांनी सिंहली भाषा मुळापासून अभ्यासली, तमिळही आत्मसात केली आणि दोन्ही भाषांत विपुल लेखन केले. सिंहली कॅथलिक वाङ्मयाचे जनक म्हणून आजही त्यांचा गौरव होतो. मुद्रणाची सोय नसल्याने त्यांचे ग्रंथ लेखनिकांकरवी ताडपत्रांवर उतरवून घेतले जात. ख्रिस्ताच्या दुःखभोगावरील त्यांची प्रवचने उपवासकाळात पठणात राहिली. १७४२ मध्ये ते सिलोनमध्येच वारले.

त्यांच्या प्रमुख सिंहली ग्रंथांपैकी एकाचे नाव ‘देव वेद पुराणय’ असे आहे. आम्ही हे नाव फळ्यावर ‘ख्रिस्तपुराणा’च्या खाली लिहितो आणि काही वेळ काहीच बोलत नाही. ‘पुराण’ हा शब्द सिंहलीतही संस्कृतातून आलेला, त्यामुळे एका ग्रंथाचे दुसऱ्याला ऋण चिकटवण्याची घाई करू नये. पण दोन गोष्टी समोरासमोर ठेवता येतात. स्टीफन्स हा इंग्रज आपली भाषा सोडून मराठीत आला आणि त्याने या मातीचा वाङ्मयप्रकार उचलला. शंभर वर्षांनंतर दिवाडीचा गोन्साल्विस आपली भाषा मागे ठेवून सिंहलीत गेला आणि त्याने तेच केले. एक सत्ताधाऱ्यांच्या गलबतातून आला होता. दुसरा दुसऱ्या सत्तेपासून लपत होता. आपण ‘मिशनरी वाङ्मय’ असे एकच लेबल लावून मोकळे होतो, तेव्हा हा फरक हातातून निसटतो.

मग मागच्या बाकावरच्या त्या प्रश्नाचे काय? उत्तर बदलत नाही. देवळे पाडली गेली. माणसांना धर्म, जमीन आणि गाव यांतून निवड करावी लागली. भाषेवर बंदी आली. यातले काहीही सौम्य करून सांगू नये. परंतु ज्यांनी बेटावर राहून नवा धर्म स्वीकारला, त्यांचा इतिहास त्या दिवशी संपला नाही. त्यांच्याच मुलानातवंडांनी नव्या धर्मसत्तेकडे आपला हक्क मागितला, ती नाकारताच तिच्याविरुद्ध लिहिले, तिच्या वास्तू स्वतः घडवल्या आणि दूरच्या बेटावर दुसऱ्याची भाषा समृद्ध केली. त्यांना केवळ ‘बाटलेले’ म्हणून बाजूला टाकणे म्हणजे त्यांच्या आर्चबिशपने जे केले तेच पुन्हा करणे होय.

आज दिवाडीत अनेक जुनी घरे कुलूपबंद आहेत. माणसे पणजी-मुंबईपासून आफ्रिका-पोर्तुगालपर्यंत पांगली. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी मात्र बेट भरून जाते. त्या दिवशी ‘बोंदेरां’चा उत्सव असतो. वाड्यावाड्यांतील जमिनीच्या हद्दींचे तंटे, त्या हद्दींवर रोवलेली निशाणे आणि ती पाडणारे गावकरी यांची ही आठवण. पोर्तुगीजांतील निशाणवाचक शब्दावरूनच उत्सवाचे नाव पडले. आता त्याचे रंगीत मिरवणुकीत रूपांतर झाले आहे. पण मुळात हा जमिनीच्या हद्दीचाच वाद. त्याच श्रावण-भाद्रपदाच्या सुमारास, गोकुळाष्टमीला, पलीकडे नार्व्याच्या नदीकाठी भाविक स्नानाला जमतात. दोन्ही तीरांवरच्या माणसांना आपापल्या उत्सवासाठी याच पाण्यापाशी यावे लागते.

आम्ही आता सहलीचा क्रम बदलला आहे. पूर्वी विद्यार्थ्यांना आधी जुन्या गोव्यातील मोठी चर्चे दाखवत असू आणि वेळ उरला तर दिवाडी. आता सकाळी पहिल्या फेरीने दिवाडीत उतरतो, खाजनांच्या बांधावरून चालतो, टेकडीवरचे कपेल पाहतो, पोरण्या तीर्थाशी थांबतो आणि दुपारी उत्तरेकडच्या फेरीने नार्व्याला जाऊन सप्तकोटेश्वराचे दर्शन घेतो. ‘ख्रिस्तपुराणा’चा तास त्यानंतरच्या आठवड्यात घेतो. मागच्या बाकावरचा प्रश्न तेव्हाही येतोच. फरक इतकाच, की त्याचे उत्तर द्यायला आता वर्गातलेच दोघे-तिघे उभे राहतात, आणि त्यांची उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत.